पातळांवर मोजलेले दिवस

आमच्या कोष्टीपुऱ्यात बायकांना तारीख विचारून काही उपयोग नसतो. पाळी कधी आली होती, असं विचारलं की त्या आधी आढ्याकडे बघतात, मग मागाकडे बघतात आणि सांगतात, "ताणा चढला तवा मी बाहेर होती, ताई. आता तीन पातळं उतरले." मागावर उभे धागे चढवतात तो ताणा. कोसा रेशमाच्या एका ताण्यात आठ पातळं, म्हणजे साड्या, निघतात. ताणा चढवायच्या दिवशी नारळ फोडून पूजा होते आणि पाळीतल्या बाईने त्या दिवशी मागाजवळ फिरकायचं नाही. त्यामुळे कोण बाजूला बसली होती, हे घरातल्या सगळ्यांच्या लक्षात राहतं. एक पातळ सहा दिवसांचं, तीन पातळं म्हणजे अठरा दिवस. इतका सोपा हिशेब आहे.

मी या गावची आशा सेविका, रीता. या कामाला बारा वर्षं झाली. माहेर आंधळगावचं, तेही मागावरचं, म्हणून हा हिशेब मला वेगळा शिकावा लागला नाही. उपकेंद्रात नव्या सिस्टर आल्या तेव्हा बायकांची उत्तरं ऐकून कपाळाला हात लावायच्या. मी मात्र सहाचा पाढा म्हणत म्हणत वहीत तारीख टाकायची आणि बाळंतपण माझ्या तारखेच्या दोन-चार दिवस इकडेतिकडे व्हायचं. मला याचा फार तोरा होता. तो दोन हजार वीस सालच्या जुलैमध्ये उतरला, आणि तो उतरवायला एका बाईचा जीव टांगणीला लागावा लागला, याची मला आजही लाज वाटते.

एक जुलैला मी ताप-खोकल्याचा सर्व्हे करत फिरत होते. तेव्हा दुसरं कामच उरलं नव्हतं. गरोदर बायका, लसी, गोळ्या, सगळं मागे पडलं होतं आणि मी लोकांच्या कपाळावर ताप मोजायची बंदूक धरून घरोघर आकडे लिहीत होते. रेणूने मला दारातच अडवलं.

रेणू म्हणजे धर्मेंद्रची बायको, सव्वीस वर्षांची. मोठी मुलगी चार वर्षांची, धाकटा गोलू दीड वर्षाचा. गोलूच्या वेळी तिला इतका रक्तस्राव झाला की चार बाटल्या रक्त चढवावं लागलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हिला पुन्हा दिवस गेले तर मी जबाबदार नाही." मुलं बंद करायच्या ऑपरेशनच्या शिबिरात तिचं नाव मी सगळ्यात वर घातलं होतं. शिबिर सव्वीस मार्चला होतं. सव्वीस मार्चला देशात काय चालू होतं, ते सगळ्यांना आठवत असेल.

ऑपरेशन होईस्तोवर गोळ्या घे, असं मी तिला सांगितलं. एप्रिलच्या शेवटी माझ्या पिशवीतल्या गोळ्या संपल्या. वर मागणी केली, तर मास्क आणि सॅनिटायझर आलं. रेणू दोनदा विचारायला आली आणि दोन्ही वेळा मी "पुढच्या आठवड्यात" म्हटलं. तो पुढचा आठवडा आलाच नाही.

"ताई, मले दिवस गेले," ती म्हणाली. आवाज इतका बारीक, की मला मास्कमधून नीट ऐकू येईना. "मले नाही पाहिजे. यावेळी मी नाही वाचत, मले मालूम आहे."

"असं अभद्र बोलू नको. कधीची तारीख?"

"ताणा चढला तवा मी बाहेर होती. सात पातळं उतरले, आठवं काल लावलं."

सहा साती बेचाळीस. सहा आठवडे. माझा जीव भांड्यात पडला. इतक्या लवकर असलं की पाडायच्या गोळ्यांवर भागतं. "घाबरू नको," मी म्हटलं, "वेळ आहे आपल्याजवळ. माझा हा सर्व्हे सोमवारी संपतो. मंगळवारी तुले घेऊन जातो दवाखान्यात."

"घरी सांगतलं मी. ते म्हणाले, तू म्हणशील तसं."

धर्मेंद्र तसा गरीब माणूस. म्हणजे कुणाशी भांडण नाही, आणि कुणासाठीही नाही. सासू दुर्गाबाई मात्र चुलीजवळून सगळं ऐकत होत्या. त्यांनी फुंकणी आपटली. "देवानं देल्लं, ते परत करते काय कोनी? आमच्या वक्ताले कुठं होते दवाखाने? आन् तुमी आशावाल्या, कायले सुनांचे कान भरता व?"

मी वही मिटून निघाले. बोलले असते तर तिथेच ठिणगी पडली असती, आणि मला तीस घरं बाकी होती.

मंगळवारी सकाळी दहाला मी रेणूला न्यायला गेले. ती तयार होती, गोलूला दूध पाजत होती. धर्मेंद्र ओसरीत चटईवर आडवा पडून मोबाइल बघत होता. माग बंद.

मी उंबऱ्यावरच थांबले. सकाळी दहा वाजता कोष्ट्याच्या घरात माग बंद असतो, तो एक तर मयतीला नाहीतर सणाला. मग लक्षात आलं की शेजारचाही बंद आहे. समोरचाही बंद. सगळी गल्लीच चिडीचूप होती, आणि हे असं महिनोन्महिने होतं. मी रोज त्या गल्लीतून येत-जात होते, कोणाला ताप आहे ते विचारत होते आणि माग वाजत नाहीत याकडे माझं लक्ष गेलं नव्हतं.

"धर्मेंद्र, माग काहून बंद आहे गा?"

"दुपारून बसतो, ताई. भैय्याजी शेठनं सांगतलं, माल उठून नाही राहिला, हात राखून विन. कोसाबी नाही येऊन राहिला. आता लवकर विनलं तं पुढं रिकामं बसा लागते."

"एक पातळ किती दिवसांत उतरते?"

"दहा. कधी अकरा."

मी तिथेच पायरीवर टेकले. "आणि ताणा? ताणा कधी चढवला?"

त्याला तारीख आठवेना. रेणूलाही आठवेना. त्यांना तरी कशी आठवणार? बाजार बंद, शाळा बंद, लग्नं बंद. रविवार कोणता आणि बुधवार कोणता, हे सांगणारं काही उरलंच नव्हतं. उरली होती फक्त पातळं. धर्मेंद्रने मोबाइल चाळला. ताणा चढल्याचा फोटो शेठला पाठवावा लागतो. तो सापडला. माग, फुटलेला नारळ, हात जोडून उभ्या दुर्गाबाई, पोरगी, धर्मेंद्र. रेणू नाही. खाली तारीख होती, वीस एप्रिल.

मी दिवस मोजले, पण यावेळी कॅलेंडर उघडून. दोनदा मोजले, तिसऱ्यांदा मोजले. अठ्ठ्याहत्तर दिवस. सहा आठवडे नव्हेत, अकरा होऊन गेले होते. गोळ्यांचा विषय संपला होता. आणि तेव्हाचा कायदा असा होता की बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर पोट रिकामं करता येतं, त्यापुढे दोन डॉक्टर लागतात. आमच्या भागात एक डॉक्टर मिळायची मारामार होती. दुसरा कुठून आणायचा? बारा आठवडे सोमवारी, तेरा जुलैला पुरे होत होते. आणि मी, बारा वर्षांची अनुभवी बाई, सहा दिवस आरामात वाया घालवून बसले होते.

रेणू माझ्या तोंडाकडे बघत होती. "काय झालं, ताई?"

मी तिला खरं सांगितलं. चूक माझी आहे, हेही सांगितलं. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने गोलूला खाली ठेवलं आणि विचारलं, "मंग आज जाऊ ना आपन?"

मी फोन लावला. ज्या सरकारी दवाखान्यात हे होतं, त्याचं नाव मी लिहीत नाही, तिथे माझं रोजचं काम पडतं. या कामासाठी तिथल्या डॉक्टर फक्त सोमवारी आणि गुरुवारी असतात. ठीक आहे, गुरुवार. दोनच दिवस.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी कमलेशचा रिपोर्ट आला. हा गल्लीतलाच पोरगा, नागपूरहून परतला होता आणि आल्या आल्या पानठेल्यावर एकोणीस जणांसोबत बसला होता. तो पॉझिटिव्ह निघाला. दिवेलागणीपर्यंत गल्लीच्या दोन्ही तोंडांना बांबू बांधले गेले, आणि त्या एकोणीस जणांना गाडीत घालून जिल्हा परिषदेच्या शाळेत नेऊन ठेवलं. त्यात धर्मेंद्र होता.

गुरुवार गेला. गल्लीबाहेर पडायला वरची परवानगी लागत होती. सिस्टरनी चिठ्ठी दिली, ती घेऊन मी तहसील ऑफिसात गेले, तर साहेब मीटिंगमध्ये. शुक्रवारी साहेब दौऱ्यावर. शनिवारी मी ऑफिसच्या दारात बसूनच राहिले, परवानगी घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणून. क्लार्कने काचेपलीकडून मोठ्याने विचारलं, "डिलिव्हरी आहे काय? नाही? मंग काय अर्जंट आहे?" मागे पंधरा माणसं उभी होती. मी दात-ओठ खात लिहिलं, "जोखमीची गरोदर माता, तपासणी आवश्यक." शिक्का मिळाला. परवानगी सोमवारची.

रविवारी मी काहीच करू शकत नव्हते. रात्रभर उठून घड्याळ बघितलं. वीस एप्रिल धरलं तर सोमवारी बरोबर चौऱ्याऐंशी दिवस. पण ताणा चढला त्या दिवशी पाळीचा पहिलाच दिवस होता, की दुसरा? रेणूला मी हे विचारलंच नव्हतं. विचारायची हिंमत झाली नाही.

सोमवारी सकाळी बांबूपाशी पोलीस होता, सूरज नावाचा, तुमसरकडचा पोरगा. त्याने कागद उलटसुलट करून फक्त शिक्का बघितला. "यायले काय झालं?"

"कागदावर लिहिलं आहे."

"कोरोना तं नाही ना?"

गल्लीतल्या प्रत्येक दारात एक तरी तोंड होतं. दुर्गाबाई गोलूला कडेवर घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सुनेकडे बघितलंही नाही. रेणूने पदर घट्ट ओढून घेतला आणि बांबूखालून वाकून बाहेर आली.

एकशे दोन नंबरची सरकारी गाडी बाळंतिणीशिवाय येत नव्हती, म्हणून आम्ही माझ्या स्कुटीवर निघालो. अर्ध्या वाटेत नाका. तेव्हा गाडीवर दोघांना बसायला बंदी होती. मी रेणूला शंभर पावलं आधी उतरवलं. मी नाका ओलांडून पुढे गेले, आणि ती भर उन्हात एकटीच चालत आली. पोलिसांनी तिला विचारलं, कुठं चालली? ती म्हणाली, "रोवन्याले." दोन्ही बाजूंच्या भाताच्या बांध्यांत बायका धान रोवत होत्या, म्हणून ते खपून गेलं.

दवाखान्यात पोचलो तर नर्सने गावाचं नाव ऐकूनच दोन पावलं मागे घेतली. "सील गल्लीतून आणलं पेशंट? तुम्हाला डोकं आहे का, ताई?"

"डोकं असतं तर आशा झाले असते का?" मी म्हटलं. माझी जीभ अशीच आहे. शेवटी आम्हाला बाहेर कडुनिंबाखाली बसवलं. बाकीचे पेशंट संपल्यावर बघू, म्हणाले. अकरा वाजले, एक वाजला, अडीच वाजले. रेणूने पाण्याचा घोटही घेतला नाही. मी दर दहा मिनिटांनी खिडकीशी जायचे आणि नर्स हाताने "थांबा" दाखवायची.

तीन वाजता डॉक्टर मोनिका यांनी बोलावलं. पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी, प्लास्टिकच्या झग्यात घामाने डबडबलेली. त्यांनी रेणूला तपासलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "बारा आठवडे आहेत जवळपास. तारीख नक्की आहे का?"

धर्मेंद्रकडून त्या दिवशीच मागवून घेतलेला फोटो मी माझ्या मोबाइलवर दाखवला. "वीस एप्रिल, मॅडम. या फोटोत ही नाही, हाच पुरावा." आणि त्यांना ताण्याची रीत सांगितली. त्या ऐकत राहिल्या. हसू आलं असेल तर मास्कमुळे दिसलं नाही.

"पाळीचा तो पहिला दिवस होता?" त्यांनी विचारलं.

"त्याच दिवशी सकाळी आली, मॅडम," रेणू म्हणाली. "पूजेचं ताट मीच सजवलं होतं. मंग ठेवून द्यावं लागलं."

माझ्या छातीवरचा दगड थोडा हलला. म्हणजे आजचाच दिवस होता. उद्या नाही.

"रक्त कमी आहे हिचं," डॉक्टर म्हणाल्या. "आधीची हिस्ट्री वाईट आहे. तरी करता येईल, पण आत्ताच. उद्यापासून दुसऱ्या डॉक्टरची सही लागेल, आणि आमचे सर कोविड सेंटरला अडकलेत, कधी येतील देव जाणे. नवरा कुठे आहे?"

"शाळेत. क्वारंटाइन."

"मग संमती कोण देणार?"

"ही देणार," मी म्हटलं. "कायद्यात बाईचीच सही लागते, मॅडम. आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं आहे." ट्रेनिंगला चहा-बिस्किटं खाता खाता हे ऐकलं होतं. उभ्या आयुष्यात ते वाक्य मी पहिल्यांदाच कुणासमोर म्हटलं.

"मला माहीत आहे कायदा," त्या थकल्या आवाजात म्हणाल्या. "पण माझी ही पहिलीच पोस्टिंग आहे. काही झालं तर नवरा आणि सासरचे इथे येऊन दगड मारतील. फोन लावा त्याला. स्पीकरवर ठेवा. तो हो म्हणाला की मी सुरू करते."

एवढंच ना, मला वाटलं. धर्मेंद्र तर तयारच होता. मी फोन लावला.

"हॅलो, धर्मेंद्र, रीताताई बोलते. दवाखान्यातून. डॉक्टर मॅडम बोलतात बघ."

"तुमच्या पत्नीच्या गर्भपाताला तुमची संमती आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

पलीकडे गलका होता. पत्ते खेळण्याचा आवाज, कोणाचा तरी खोकला. कोणीतरी विचारलं, "कोनाचा फोन आहे गा? स्पीकरवर टाक ना." शाळेच्या एका खोलीत एकोणीस माणसं, खाटेला खाट लागलेली. सगळी आमच्याच गल्लीतली, काका, मामा, मावसभाऊ.

"कायची संमती?" धर्मेंद्र म्हणाला. "नाही नाही. तसं काही नाही. ती बीपी तपासाले गेली."

"धर्मेंद्र!" मी ओरडले. "आज शेवटचा दिवस आहे. हो का नाही, एवढंच बोल."

"काय बोलून राहिल्या तुमी, ताई? नाही ना. मी... मी मंग करतो फोन." आणि त्याने फोन ठेवून दिला.

मी पुन्हा लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मला इतका संताप आला, की तो समोर असता तर मी त्याच्या थोबाडीत मारली असती. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते.

"तो नाही म्हणाला," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "मी स्वतः ऐकलं. आता मी कसं करू?"

रेणू टेबलावरून उतरली. मला वाटलं, ही आता घरी चला म्हणते. तिने साडी नीट केली आणि डॉक्टरांसमोर उभी राहिली.

"मॅडम, ते नाही म्हणाले, हे मीबी आयकलं. ते भेतात. घरी हो म्हणतात, चारचौघांत नाही म्हणतात. गोलूच्या वक्ताले त्याईनंच सही केली होती, सगळ्या कागदांवर. रक्त मायं गेलं. चार बाटल्या. मले वाटलं, मी गेली. मोठी पोरगी दारात उभी होती, तिनं सगळं पाह्यलं. आता संमतीच्या कागदावर कोनाचं नाव लिवता तुमी?"

डॉक्टरांनी खाली बघितलं. "तुझं."

"मंग सही मायी घ्या. मी नववी शिकली आहे. दगड मारायले कोनी आलं, तं मी पुढं उभी राहीन. पन मी मेली, तं कोनीच येनार नाही, मॅडम. तवा कोनी दगड मारत नाही."

डॉक्टर मोनिका यांच्या चष्म्यावर वाफ साचली होती, तो त्यांनी काढला, झग्यालाच पुसला आणि पुन्हा लावला. मग नर्सला हाक मारली. "सिस्टर, ट्रे लावा. फॉर्म आणा. सही पेशंटची."

रेणूने सही केली. अक्षर गोल, शाळेतल्या पोरीसारखं. मला बाहेर काढलं.

वीस मिनिटं लागतील, म्हणाल्या होत्या. वीस झाली, तीस झाली. पस्तिसाव्या मिनिटाला नर्स धावत बाहेर आली, कपाटातून इंजेक्शन घेऊन धावत आत गेली. मला काही सांगितलं नाही. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. तिथे उभ्या उभ्या मला एकच दिसत होतं, एक जुलैचा बुधवार, आणि मी दारात उभी राहून म्हणते आहे, वेळ आहे आपल्याजवळ. दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, तिला घेऊन निघाले असते तर दहा आठवड्यांतच सगळं आटोपलं असतं. मी देवाला म्हटलं, माझी नोकरी ने, काहीही ने, पण हिला सोड. देवाशी असा सौदा करणाऱ्या बायकांना मी नेहमी हसत आले होते.

पन्नासाव्या मिनिटाला डॉक्टर बाहेर आल्या. झगा काढला होता. केस डोक्याला चिकटले होते. "रक्त जरा जास्त गेलं. आता थांबलं आहे. दोन तास ठेवते," त्या म्हणाल्या आणि बाकावर माझ्या शेजारी येऊन बसल्या. दोघींपैकी कोणालाच सहा फुटांच्या अंतराची आठवण राहिली नाही.

साडेसहाला आम्ही निघालो. रेणूने डोकं माझ्या पाठीवर टेकवलं होतं. मी स्कुटी इतकी हळू चालवली, की सायकली पुढे जात होत्या. नाक्यावर तिला चालवणं शक्यच नव्हतं. मी सरळ पोलिसासमोर गाडी उभी केली आणि म्हटलं, "दंड लाव, नाहीतर आत टाक, मी हिला उतरवणार नाही." त्याने रेणूच्या तोंडाकडे बघितलं आणि जा म्हणाला.

गल्लीच्या तोंडाशी मात्र वेगळंच वाढून ठेवलं होतं. बांबूच्या आतल्या बाजूला पंधरा-वीस माणसं जमली होती, मास्क हनुवटीवर. आम्ही दिसताच कालवा सुरू झाला.

"दवाखान्यातून आली ना? आत नाही घ्यायचं."

"तोंड पाहा कसं पांढरं फट पडलं. हे कोरोनाच आहे."

"आमची लेकरं आहेत अठी. पहिले रिपोर्ट दाखवा."

सूरज गोंधळला. "ताई, हे लोक आयकून नाही राहिले. काय बिमारी आहे, ते तं सांगा."

"कोरोना नाही. मी सांगते ना," मी म्हटलं.

"तुमी तं सांगनारच. सरकारच्या आहा तुमी. मंग गेली कायले होती? बिमारी नाही तं दवाखाना कायले?"

खोटं तरी काय सांगावं? बीपी म्हणावं तर परवानगीच्या कागदावर वेगळंच. पोटुशी म्हणावं तर उद्या विचारतील, पोट कुठे गेलं. मागे रेणूला उभं राहवत नव्हतं, माझ्या खांद्यात तिची नखं रुतली होती. घरी नेऊन तिला ताबडतोब आडवं करायला हवं होतं, आणि पंधरा पावलांवर घर असून आम्ही बांबूच्या अलीकडे अडकलो होतो.

रेणू स्कुटीला धरून पुढे आली. मास्क खाली केला.

"कोरोना नाही," ती म्हणाली. "मले दिवस गेले होते. पोट पाडून आली. मायी सही, मायं पोट. आता आत येऊ द्या, मले उभं नाही राहवत."

माणसं आधी जमिनीकडे बघायला लागली आणि मग एकेक करून दारांत शिरली. सूरजने घाईघाईने बांबू उचलला. दुर्गाबाई दारात तशाच उभ्या होत्या. रेणू जवळ आली तेव्हा त्या बाजूला सरकल्या. आत अंथरूण घातलेलं होतं, आणि चुलीवर पाणी तापत होतं.

मी तिला आडवं केलं, गोळ्या दिल्या. रक्त बघितलं, ठीक होतं. निघणार, तेवढ्यात तिचा फोन वाजला. धर्मेंद्र. गल्लीतली बातमी शाळेत पोचायला अर्धा तासही लागला नव्हता. फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. तो बहुतेक शाळेच्या मागे, मोरीकडे उभा राहून बोलत असावा. रडत होता.

"तू बरी आहे ना? सांग ना, बरी आहे ना तू?"

"बरी आहे."

मग त्याने विचारलं, "पन तू सगळ्याईसमोर सांगतलं काय? साऱ्या गल्लीसमोर?"

रेणूने डोळे मिटले. ती इतकी थकली होती, की मला वाटलं, झोपली.

"हो," ती म्हणाली. "तुमाले आता कोनासमोर सांगाले नाही लागत. या आरामात."

आणि तिने फोन माझ्या हातात दिला.